थर्मोस्टॅटची रात्रीची टकटक

प्रश्न : आमच्या झोपण्याच्या खोलीतील विजेच्या हीटरचा थर्मोस्टॅट पलंगाच्या उशाशी, लाकडी पार्टिशनवर बसवलेला आहे. रात्री दर पाच-सात मिनिटांनी त्यातून ‘टक्’ असा आवाज येतो आणि झोप चाळवते. अलीकडे हीटर चालू असताना बारीक गुणगुणही ऐकू येते. थर्मोस्टॅट बदलावा लागेल का?

उत्तर : आपण टकटकीने त्रासला आहात, पण आधी पाहायला हवी ती गुणगुण. आपल्यासारख्या जोडणीत हीटरचा सगळा प्रवाह थर्मोस्टॅटमधून जातो, आणि 2000 वॅटच्या हीटरसाठी तो 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर भरतो. स्क्रूखालची तार सैल झाली असेल किंवा आतले संपर्कबिंदू जळून खडबडीत झाले असतील, तर तिथे बारीक ठिणग्या उडून गुणगुण किंवा चरचर ऐकू येते. काही रिले (विजेच्या चुंबकाने संपर्क जोडणारे-तोडणारे स्विच) चालू असताना किंचित गुणगुणतात हे खरे. परंतु आवाज नव्याने सुरू झाला असल्यामुळे, आणि त्याच्या जोडीला कव्हरवर काळसर डाग वा जळका वास असेल तर निश्चितच, हीटरचा वापर थांबवून त्या सर्किटचा एमसीबी (वीज-बोर्डावरचा सुरक्षा-खटका) बंद करावा व इलेक्ट्रिशियनला बोलवावे. डायल ‘बंद’वर आणली म्हणजे आतली वीज तुटली, असे मानू नये, कारण पुष्कळ थर्मोस्टॅट एकच तार तोडतात आणि दुसरी जिवंत राहते.

‘टक्’ हा मात्र बिघाड नव्हे. जुन्या पद्धतीच्या थर्मोस्टॅटमध्ये दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. दोन्ही धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नसल्यामुळे ती तापमानाबरोबर वाकते, आणि संपर्क रेंगाळत जुळून ठिणगी धरू नये म्हणून एक लहानसे चुंबक तिला अखेरच्या क्षणी झटक्याने ओढून घेते. तो झटकाच आपल्याला ऐकू येतो. डिजिटल थर्मोस्टॅटमध्ये हेच काम रिले करतो. आवाज पुसता येत नाही, पण त्याची वारंवारता कमी करता येते. सेटिंगमध्ये चालू-बंद तापमानातील तफावत अर्ध्या अंशावरून एक अंशावर नेता येत असेल, तर तेवढ्यानेही फरक पडावा. तार ज्या भोकातून भिंतीबाहेर येते तिथून गार हवेची झुळूक लागत असेल किंवा शेजारी टेबललॅम्प असेल, तर थर्मोस्टॅटला खोलीऐवजी त्यांचेच तापमान कळते आणि तो उगाच चालू-बंद होत राहतो.

शिवाय पोकळ पार्टिशन ढोलकीच्या पुडीसारखे घुमते. थर्मोस्टॅटची बैठक घट्ट करून मागे पातळ फोमची पट्टी लावावी, मात्र कव्हरच्या हवेच्या फटी मोकळ्या ठेवाव्यात. एका ‘टक्’नंतर बारीक टिकटिकीची मालिका ऐकू येत असेल, तर ती तापणाऱ्या हीटरच्या पत्र्याची आहे आणि थर्मोस्टॅट बदलून ती जाणार नाही.

इतके करूनही झोप मोडत असेल तर ट्रायॅकवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचवर, चालणारा थर्मोस्टॅट घ्यावा. त्यात हलणारा संपर्क नसल्यामुळे तो जवळजवळ नि:शब्द असतो. त्याची अँपिअर क्षमता हीटरला पुरेशी असल्याची खात्री करावी, आणि हीटर पंख्याचा असेल तर तसे आवर्जून सांगूनच तो निवडावा, कारण काही ट्रायॅक थर्मोस्टॅट दर काही सेकंदांनी वीज तोडतात-जोडतात आणि ते पंख्याच्या मोटरला मानवत नाही.