धडा वाचताना लेकराच्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहत नाही, अभ्यास जड जाईल का?

फक्त तेवढ्यानं नाही जाणार. लातूरला मी शिकवणी घेते. हीच काळजी घेऊन आईबाप माझ्याकडेही येतात.

आपल्या वेरूळच्या कैलास लेण्याचा उतारा घ्या. एकाच कातळातून, आधी कळस मग पाया, असं वरून खाली कोरलेलं देऊळ. काही मुलांना लगेच हत्ती, खांब, दगडाचा रंग दिसतो. काहींना रंग दिसत नाही, पण कुठला दगड काढला नि कुठला ठेवला, ते मनात फिरवून बघता येतं. काही जण नुसत्या शब्दांच्या क्रमानं लक्षात ठेवतात.

मानसशास्त्रज्ञ मारिया कोझेव्हनिकोव्ह यांच्या संशोधनात चित्रांतून विचार करणाऱ्यांचे यातले पहिले दोन प्रकार वेगळे निघाले. गंमत म्हणजे, ठसठशीत चित्र दिसणारेच आलेखाला फसतात. स्थान-काळाचा आलेख, म्हणजे वस्तू कोणत्या वेळी कुठे होती ते दाखवणारी रेघ, त्यांना टेकडीच्या चढउतारासारखा वाटतो! म्हणजे चित्र दिसणं हाही सरसकट फायदा नाही.

लेकरावर ‘हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा’ असा शिक्का मात्र मारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. शैलीप्रमाणे शिकवल्यानं जास्त कळतं, याला पुरेसा पुरावा नाही, असं 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तपासून सांगितलं. शब्द आणि आकृती शेजारी-शेजारी असल्या की बहुतेकांना फायदा होतो.

चित्र मनात येत नसेल तर कागदावर येऊ द्या. परिच्छेद वाचून झाला की पुस्तक मिटून पेन्सिलीनं आकृती काढायला सांगा, मग पुस्तक उघडून काय सुटलं ते त्यालाच शोधू द्या.