वाचकांचे प्रश्न : हात पाठीमागेच का?

प्रश्न : अमेरिकेत रस्त्यावर अडवलेल्या गाडीतील संशयिताला बेड्या घालताना पोलीस त्याचे हात पाठीमागे का घेतात आणि बेडी लागल्यावरही किल्ली का वापरतात?

उत्तर : हात पुढे बांधले, तर कमरेपाशी लपवलेल्या वस्तूपर्यंत ते पोहोचू शकतात आणि बेडीचाच प्रहारासाठी वापर होऊ शकतो, म्हणून संशयिताला गाडीपासून दूर, पाठमोरे उभे करून तळवे बाहेरच्या बाजूला राहतील अशा रीतीने बेड्या घालतात आणि झडती साधारणपणे त्यानंतर घेतात. किल्लीचे कारण अधिक महत्त्वाचे आहे. बेडीचे दाते एकाच दिशेने सरकत असल्याने, दुसरे कुलूप लावले नाही, तर प्रत्येक हालचालीने ती घट्ट होत जाते आणि मनगटावरील मज्जातंतू दाबला जाऊन अंगठ्याची मागची बाजू बधिर होते. किल्लीच्या टोकावरील बारीक खुंटीने हे कुलूप बसते. धांदलीत नेमकी हीच पायरी राहून जाते आणि ती चूक क्षम्य मानता येणार नाही, असे आम्हाला वाटते. संशयित पालथा पडला असल्यास श्वास कोंडू नये म्हणून त्याला लगेच कुशीवर वळवावे किंवा बसवावे लागते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, नियमभंगासाठी रीतसर थांबवलेल्या वाहनाच्या चालकाला खाली उतरण्यास सांगण्याची मुभा पोलिसांना दिली. मात्र खाली उतरवणे म्हणजे बेड्या घालणे नव्हे, त्यासाठी धोक्याचे किंवा पळून जाण्याच्या शक्यतेचे वाजवी कारण दाखवावे लागते.