सिंहगडाचा घाट चढण्याआधी

नवी सायकल घेतलीस, झकास! पण लगेच सिंहगडावर स्वारी नको. आधी काही रविवार खडकवासल्यापर्यंतच ये-जा कर, पाय सरावू देत. सीटची उंची मात्र आजच बघ: टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. गुडघेदुखीचं मूळ बरेचदा इथेच असतं. चढ लागायच्या आधीच गिअर हलका कर. जोर लावताना बदललास तर चेन कडकडते. जास्तीची ट्यूब, टायर उचकटायचे लिव्हर, पंप सोबत हवेतच. जर्सी-बिर्सीचे लाड नंतर. पहाटेच निघ, म्हणजे गाड्यांच्या गर्दीआधी वर पोचून पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही निवांत हाणता येईल. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नकोस. वेग वळणाआधीच कमी कर.