शाळेच्या जिन्यात रंगीत काच लावावी का?

प्रश्न: आमच्या शाळेची नवी इमारत होतेय. जिन्यातल्या मोठ्या खिडकीत रंगीत काचेचं काम करून घ्यावं असं माझ्या फार मनात आहे, एक चित्रकार तयार पण आहे, पण त्याचं डिझाइन नुसत्या आकारांचं आहे. कमिटीतले म्हणतात पोरांना काय कळणार, त्यापेक्षा सरस्वतीचं चित्र छापलेली फिल्म चिकटवू, स्वस्तात होईल. काय सांगू त्यांना? — एक शिक्षिका, सातारा

उत्तर: ताई, त्यांना फ्रेंच चित्रकार आन्री मातिसच्या मधमाश्या दाखवा. फ्रान्सच्या उत्तरेला ल कातो-कांब्रेझी म्हणून एकेकाळचं विणकरांचं छोटं गाव आहे, मातिस तिथे 1869 साली जन्मला, आणि त्याच गावच्या बालवाडीत 'मधमाश्या' नावाची त्याची काचेची खिडकी आहे. हे डिझाइन त्याने 1948 मध्ये केलं ते मुळात दक्षिणेकडच्या वान्स गावातल्या चॅपलसाठी, पण तिथे शेवटी त्याचंच दुसरं डिझाइन लागलं आणि माश्या आल्या पोरांकडे! म्हणजे बघा, प्रार्थनेच्या जागेसाठी जे मनात आलं तेच बालवाडीतल्या मुलांना दिलं, मुलं आहेत म्हणून त्यात फुगे-बाहुल्या घातल्या नाहीत. रंगीत चौकोनी तुकडे आणि त्यातून उडणाऱ्या माश्या, बस्स. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

आणि ते काचेत इतकं छान का उतरतं तेही सांगते. 1941 मध्ये त्याचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, त्यानंतर बराच वेळ अंथरुणात नाहीतर चाकाच्या खुर्चीत, मग मदतनीस कागदाला सपाट रंग देऊन ठेवायचे आणि हा कात्रीने थेट त्या रंगातूनच आकार कापायचा. शिशाच्या पट्ट्यांतलं काचकामही असंच असतं ना, प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापायचा आणि पट्टीत बसवायचा. त्यात रंग वरून फासलेला नसतो, काच वितळवतानाच तो आत जातो, निळ्यासाठी कोबाल्ट वगैरे. म्हणून जुन्या चर्चमधल्या निळ्या काचा शेकडो वर्षांनीही निळ्याच आहेत आणि छापील फिल्म आपल्याकडच्या उन्हात काही वर्षांत फिकी पडते. स्वस्तचा हिशोब इथेच मांडा कमिटीपुढे.

कळण्याबद्दल म्हणाल तर, ऊन सरकतं तसा जिन्यावरचा लाल-निळा उजेड पण सरकतो, पोरं त्यात हात धरतात, पांढरा शर्ट हिरवा झाला की ओरडतात, यात समजावून सांगायचं काय आहे? सरस्वतीला माझा अजिबात विरोध नाही, तिला हॉलमध्ये मानाने बसवा. आणि खर्चाला नावं ठेवतील त्यांना सांगा की फ्रान्समध्ये 1951 पासून शाळा बांधताना खर्चाचा 1 टक्का कलाकृतीसाठी ठेवायचा नियम झाला.

आता कामाचं. चित्रकाराला आधी जागेवर बोलवा, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, ऊन कुठून येतं ते बघू दे, डिझाइन पक्कं करायचं ते त्यानंतरच. शिसं विषारी असतं, म्हणून पोरांचा हात लागेल तिथे आतून टफन्ड काच हवीच, बाहेरून पण लावा, पावसाचा मार आणि क्रिकेटचा बॉल दोन्ही थांबतात. आणि मधे फट ठेवायला सांगा, हवा खेळली नाही तर पावसाळ्यात आत पाणी धरतं.