ती बाई दिवसभर काय करते?

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला, ऑडिशनसाठी स्वतःच चित्रित केलेली सेल्फ-टेपही पाहिली. टेपचं पुढे लिहिते. आधी तुझा प्रश्न: मालिकेत नायकाच्या बहिणीचं काम आलंय, ते घ्यावं की ‘स्मितासारखं काहीतरी’ मिळेपर्यंत थांबावं?

घे. आणि स्मिता पाटीलचं नाव घेऊन तर मुळीच थांबू नकोस, कारण ती स्वतः कधी थांबली नव्हती. जेमतेम दहा-बारा वर्षांत ऐंशीच्या आसपास चित्रपट केले तिने. 1982 हे एकच वर्ष बघ. ‘उंबरठा’ त्याच वर्षी, ‘अर्थ’ त्याच वर्षी, ‘बाजार’ही, आणि अमिताभबरोबरचे ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’सुद्धा त्याच वर्षी. आपल्याकडे तिच्या नावाने समांतर म्हणजे कलात्मक सिनेमा आणि व्यावसायिक सिनेमा अशा दोन वेगळ्या पंगती मांडून ठेवल्यात. ती दोन्हींत जेवली. काही सिनेमे सामान्य होते, काही तर न केले असते तरी चाललं असतं. म्हणून ‘भूमिका’तली तिची उषा उणी झाली नाही.

दुसरं एक डोक्यातून काढून टाक. ‘स्मिता काय, नैसर्गिकच होती’ हे वाक्य तुला प्रत्येक कार्यशाळेत ऐकायला मिळेल. मला त्या वाक्याचा राग येतो. नैसर्गिक म्हटलं की बाईने केलेली मेहनत हिशेबातून जाते. पुण्यातलं घर, वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई समाजकार्यात, राष्ट्र सेवा दलाचे संस्कार. म्हणजे लहानपणापासून घरात माणसांची ये-जा, आणि त्यांचं ऐकून घ्यायची सवय. पुढे मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायला लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा तुला ठाऊक असेलच. तो सगळ्यांनाच ठाऊक असतो. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे की बातम्या देताना हातवारे नाहीत, रडणं नाही, काहीच नाही. चेहरा स्थिर आणि आवाजात अर्थ. रोज. कॅमेऱ्यासमोर काही न करता बसायची याहून चांगली तालीम कुठे मिळणार? तिथूनच ती दिग्दर्शक श्याम बेनेगलांच्या नजरेत आली.

त्यांचा ‘मंथन’ 1976 चा. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला सिनेमा. चित्रीकरण खेड्यातच चाललं होतं. शूटिंग बघायला आलेल्या कॉलेजच्या पोरांनी ‘हिरॉइन कुठंय’ म्हणून विचारलं आणि गावातल्या बायकांत बसलेल्या स्मिताकडे बोट दाखवलं तर त्यांना ते पटेना, असं सांगतात. लोक हा किस्सा साधेपणाचं कौतुक म्हणून सांगतात. मला त्यात काम दिसतं. त्या बायकांत ती बसली होती, म्हणजे त्या गुडघा कसा मोडतात, पदर कुठल्या हाताने ओढतात, पुरुष आला की बोलणं कुठे तोडतात, हे तिच्या अंगात उतरत होतं. तिची बिंदू पडद्यावर येते ती हे सगळं घेऊनच, आणि म्हणून संवाद कमी असले तरी चालतं.

म्हणून भूमिका हातात आली की संवाद पाठ करायच्या आधी एकच विचार: ही बाई दिवसभर काय करते? किती वाजता उठते, पोट कशावर भरते, पाणी कुठून आणते, बसायला तिला वेळ केव्हा मिळतो. स्मिताच्या लक्षात राहिलेल्या बायका आठव. ‘जैत रे जैत’मधली ठाकर आदिवासींतली चिंधी, ‘उंबरठा’तली महिलाश्रमाची अधीक्षक सुलभा, ‘भूमिका’त घर पोसण्यासाठी सिनेमात काम करणारी उषा. सगळ्या कामाच्या बायका. त्यांचं दुःख त्यांच्या कामातून बाहेर येतं, कामाला बाजूला सारून नाही.

‘मिर्च मसाला’ची सुरुवात काढून बघ. ती गेल्यानंतर, 1987 मध्ये आला तो. नदीवर बायका पाणी भरतायत, सुभेदार घोडेस्वार घेऊन येतो, बाकीच्या पळतात. सोनबाई उभी राहते. आता तिचा चेहरा झाकून फक्त खांदे आणि हात बघ. ‘आता मी धीट दिसते हं’ असं तिने कुठेही केलेलं नाही. पाण्याला आलेली बाई पाणी भरायचं सोडत नाही, एवढंच. धीटपणा आपला आपण दिसतो.

आता तुझी टेप. रात्रपाळी करून आलेली नर्स नवऱ्याशी भांडते. डोळ्यांत पाणी वेळेवर आणलंस, आवाज छान लागलाय, ‘मला पण माणूस समज’ या वाक्यावर तर मी थांबून परत पाहिलं. पण बाळ, बारा तास उभी राहिलेली बाई घरात आल्या-आल्या भिंतीला टेकून हात घडी घालून उभी राहील का? ती आधी बसेल. चप्पल पायानेच काढेल, कारण वाकवत नाही. भांडताना एका हाताने पोटरी दाबत असेल. आणि भांडण ऐन रंगात असताना तिला जांभई येईल! ती जांभई तू दिली असतीस तर त्या वाक्याला रडायची गरजच पडली नसती. तुमच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या फाटकाशी सकाळी पाळी बदलताना जाऊन उभी राहा. फोन पर्समध्ये ठेव. कुणाचं शूटिंग करू नकोस, प्रश्नही विचारू नकोस. मग तीच टेप परत कर, माझ्यासाठी.

मालिकेतली बहीण दिवसभर काय करते ते पटकथेत नसणार, हे मी आत्ताच सांगते. मालिकेतल्या बायका भरजरी साडी नेसून हॉलमध्ये उभ्या असतात. तर ते तू ठरव. ती क्लासहून आलीय, तिला भूक लागलीय, एवढं पुरे. दिग्दर्शकाला जाऊन विचारू नकोस. त्याला संध्याकाळपर्यंत सीन संपवायचे असतात, चॅनेलला रोज एपिसोड जायचा असतो, तो वैतागेल. मनात ठेव आणि कर. मेकअपदादा तुला दोन शेड उजळ करायला निघाले तर मात्र हसत, पण स्पष्ट सांग की माझा रंग राहू दे. स्मिता सावळीच होती आणि कॅमेऱ्याला त्याचं काही वावडं नव्हतं.

व्यवहाराचं थोडक्यात. ऑडिशनसाठी, नाव नोंदवायला, पोर्टफोलिओ ‘आमच्याच फोटोग्राफरकडून’ काढायला पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो. मालिकेचे पैसे बहुतेक वेळा तीन महिन्यांनी हातात येतात, तेही टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, कापून. तेव्हा मुंबईत जाताना डिपॉझिटखेरीज तेवढ्या महिन्यांचं भाडं गाठीला हवं. तुझ्या करापेक्षा जास्त कापलेला टीडीएस परत मिळतो, पण रिटर्न भरलं तर. सेटवर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यात कोण आहेत ते पहिल्याच आठवड्यात विचारून घे. विचारायला संकोच करू नकोस. केरळमध्ये मल्याळम सिनेमातल्या बायकांच्या स्थितीवर हेमा समितीने लिहिलेला अहवाल 2019 मध्ये सरकारकडे गेला आणि लोकांसमोर यायला 2024 चा ऑगस्ट उजाडला. त्यात मोठमोठ्या गोष्टींबरोबर सेटवर बायकांना धड स्वच्छतागृहं नसल्याचंही लिहिलंय. पाणी कमी पिऊन दिवस काढायची सवय लावून घेऊ नकोस.

करारात आणखी एक कलम नीट वाच: तुझे फोटो, चेहरा, आवाज प्रसिद्धीसाठी कसा वापरणार. ‘चक्र’मध्ये स्मिता झोपडपट्टीतली बाई आहे, उघड्यावर आंघोळ करते. सिनेमात ते त्या वस्तीचं रोजचं जगणं होतं. जाहिरातीत नेमकं तेच मोठं करून लावलं. तेव्हा निदान पोस्टरच होतं. आता तुझा चेहरा घेऊन तू न केलेलं दृश्यही कुणी बनवू शकतं. म्हणून त्या ओळीवर सही करण्याआधी ती एखाद्या वकिलाला दाखव.

तू शेवटी विचारलंस की इतक्या लवकर गेली म्हणूनच ती एवढी मोठी ठरली का. नाही गं. एकविशी-बाविशीत तिने ‘भूमिका’त कोवळ्या पोरीपासून थकलेल्या बाईपर्यंतचं वय निभावलं, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरा ‘चक्र’ला. 1985 मध्ये पद्मश्री. हे सगळं ती हयात असतानाच झालं. 13 डिसेंबर 1986 ला, मुलगा झाल्यानंतर दोनेक आठवड्यांत, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने ती गेली तेव्हा एकतीस वर्षांची होती. त्यावर कविता करणारे खूप आहेत. मला तिथे फक्त न झालेल्या भूमिका दिसतात: चाळिशीतली, पन्नाशीतली, सासू झालेली, आजी झालेली स्मिता. तू असलं जळून-बिळून जायचं वेड घेऊ नकोस. ताप आला तर सुट्टी माग, झोप पुरी कर, पाळीच्या तारखा लिहून ठेव. तुला साठीतही काम करायचंय.

मालिका किती महिन्यांची आणि दुसरीकडे काम करायची मुभा आहे का, एवढं त्यांना विचारून मला कळव.

तुझी,
ताई

ता. क. ‘मंथन’ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत 2024 मध्ये कान महोत्सवात दाखवली, मग आपल्याकडे थिएटरलाही लागली होती. कुठे फिल्म सोसायटीत दाखवणार असतील तर चुकवू नकोस. नाहीच जमलं तर निदान कुणाचा तरी लॅपटॉप माग, फोनवर बघू नकोस.