नाव माहीत नसलेला व्हायरस सापडतो तरी कसा?

प्रश्न : मी डीएमएलटी करतेय. सर म्हणाले पीसीआरला प्रायमर लागतो, म्हणजे कुठला व्हायरस शोधायचाय ते आधीच माहीत हवं. मग जो कुणालाच माहीत नाही तो कसा शोधतात?
– एक वाचक, मिरज

उत्तर : सरांचं बरोबर आहे. प्रायमर म्हणजे व्हायरसच्या ठरावीक भागाला चिकटणारा डीएनएचा छोटा तुकडा. पीसीआर म्हणजे नाव घेऊन हाक मारणं, नावच माहीत नसेल तर ओ कोण देणार? अशा वेळी सिक्वेन्सिंग करतात, म्हणजे सॅम्पलमधल्या डीएनए-आरएनएची अक्षरं वाचतात, त्यात हाक मारायचीच नाही, सगळ्यांची हजेरी घ्यायची आणि ओळखीचे बाजूला काढत जायचं.

ऑस्ट्रेलियातली एक केस सांगते, 2008 मधे छापून आलेली. एकाच डोनरच्या दोन किडन्या आणि लिव्हर तीन पेशंटना बसवलं, आधी ताप आला आणि चार ते सहा आठवड्यांत तिघंही गेले. कल्चर केलं (सॅम्पलमधून जंतू वाढवून बघितले), पीसीआर केला, मायक्रोअ‍ॅरे (खूपशा ओळखीच्या जंतूंच्या खुणा एकदम तपासणारी चिप) लावला, कशातच काही नाही. मग सॅम्पल अमेरिकेत कोलंबिया युनिव्हर्सिटीत इयान लिपकिन यांच्या टीमकडे गेले. त्यांनी टिश्यूमधून आरएनए काढला, एन्झाइम घालून त्यातला डीएनए संपवला, आणि कुठल्याही ठरावीक व्हायरसचे नसलेले रँडम प्रायमर वापरून जे मिळेल ते सगळं वाचलं. तुकडे आले 1,03,632. त्यातले माणसाचे वजा केले, उरलेले डेटाबेसशी लावून बघितले, आणि हाती लागले फक्त 14!

ते 14 सुद्धा सरळ जुळले नाहीत बरं का. आरएनएची अक्षरं बदललेली होती, पण त्यांचं प्रोटीनमधे भाषांतर केल्यावर नातं दिसलं, उंदरांमधून पसरणाऱ्या एलसीएमव्ही नावाच्या व्हायरसचा हा चुलतभाऊ, म्हणजे अरेनाव्हायरस कुटुंबातला. मला ही पायरी सगळ्यात भारी वाटते, कारण अक्षरं बदलली तरी प्रोटीन बऱ्यापैकी तसंच राहतं, लांबचा नातेवाईक तिथेच पकडला जातो.

पण सापडला म्हणजे त्यानेच मारलं असं लगेच म्हणायचं नाही, टेस्टच्या केमिकलमधूनही परका डीएनए येतो. त्यांनी आता नाव कळल्यावर त्या व्हायरसचा खास पीसीआर बनवला, पेशंटच्या 30 पैकी 22 सॅम्पलमधे तो निघाला, डोनरच्या रक्तात त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडीजही मिळाल्या. तेव्हा कुठे खात्री पटली.

आणि तुम्ही लॅबमधे काम करणार आहात म्हणून सांगते, बायोप्सीचा सगळा तुकडा फॉर्मेलिनमधे टाकला की आरएनए खराब होतो. कारण कळत नसलेली केस असेल तर डॉक्टरांना विचारून थोडा टिश्यू उणे 80 डिग्रीला ठेवायला सांगा, नंतर हजेरी घ्यायची वेळ आली तर तोच कामी येतो.