पाचवी-सातवीतल्या मुलांना गौताळा अभयारण्य एका दिवसात कसं दाखवावं?

प्राणी, खडक आणि लेणी यांतलं आधी काय दाखवू, असं तुम्ही विचारलंय. मी जवळच्याच कन्नड गावचा, म्हणून सांगतो: सगळा दिवस बिबट्याच्या आशेवर घालवू नका. सकाळीच पितळखोऱ्याला, म्हणजे अभयारण्यातल्या लेण्यांच्या दरीत जा आणि सुरुवात खडकापासून करा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

दरीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर थांबून समोरचा कडा बघायला सांगा. एकावर एक आडवे थर दिसतील. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थिजला, त्याचे हे थर. मग एखाद्या दगडावर बोट फिरवू द्या. बारीक छिद्रं लागतील, काहींत पांढरे खडे बसलेले असतील. लाव्हातले वायूचे बुडबुडे थिजले, नंतर पाण्यातल्या खनिजांनी ते भरले. खडे फक्त बघायचे, अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही.

खाली लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची, बौद्ध. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, ती मुलांना फार आवडते. शेजारी पाच फण्यांचा नाग कोरलाय. वरून खडकात खोदलेल्या पन्हळीतलं पाणी त्याच्या फण्यांतून पडावं, अशी ती योजना. त्याच पाण्यानं भेगांत शिरून दर्शनी भाग ढासळवलाय, हेही तिथेच दाखवा. तिसऱ्या लेण्याच्या खांबावर दान देणाऱ्याचं नाव आहे: पैठणच्या गंधिक कुळातला मित्रदेव. म्हणजे अत्तराच्या व्यापारातलं घराणं. आपल्या पैठणचा माणूस दोन हजार वर्षांपूर्वी या दरीत दान देऊन गेला, हे ऐकल्यावर मुलं त्या अक्षरांकडे नीट बघतात. इथल्या यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती घडवणारा कण्हदास हा सोनार होता, तसं मूर्तीवरच कोरलंय.

दुपारी जंगलात अंजनाचं झाड ओळखायला शिकवा. जोडपानं आपट्यासारखी, लाकूड अतिशय कठीण. मातीचा पातळ थर असलेल्या खडकाळ उतारावरही हे झाड तग धरतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात या, गवत वाळलेलं असतं आणि थर स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात धबधबे सुंदर, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि ओढा एकदम चढतो. लहान मुलांना तेव्हा खाली नेऊ नका. पाणी भरपूर सोबत घ्या.